मदत हवी आहे: जपानच्या उत्तरेकडच्या तोहोकूच्या खेड्यापाड्यांत शाकाहारी आईला तिथलं जेवण कसं चाखवायचं?

नमस्कार मंडळी. मी योकोहामाला असतो. ऑक्टोबरात आई-बाबा पुण्याहून येताहेत. टोकियो-क्योटो मागच्या खेपेला झालं, म्हणून यंदा उत्तरेचा बेत आहे: शिनकान्सेनने काकुनोदाते, तिथून भाड्याची गाडी, आकिताच्या डोंगरातली ओन्सेनं (गरम पाण्याचे झरे), मोरिओका आणि शेवटी यामागातातला हागुरो हा यात्रेचा डोंगर. बाबा मासे खातात, त्यांची काळजी नाही. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

"कोंबिनीतली (छोट्या दुकानातली) ओनिगिरी (भाताचे मुटके) घ्या, ठेपले न्या" हा सल्ला कृपया नको. आई त्यावर कुरकुर न करता राहील, पण मला नेमकं तेच टाळायचंय. बाबांसमोर दहा वाट्या मांडलेल्या आणि ती लोणचं-भात खातेय, यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?

घोडं अडतं ते दाशीपाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्शापाशी. मिसो सूप, उकडलेला पाला, सोब्याबरोबरचं (कुट्टूच्या शेवयांबरोबरचं) त्सुयू नावाचं कालवण, सगळ्यात कात्सुओ नाहीतर निबोशी, दोन्ही सुके मासे. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या यादीत कोळंबी, खेकडा, अंडं, दूध सापडतं, कात्सुओ नाही. म्हणजे बारीक अक्षरातले सगळे घटक वाचत बसा. शहरात वीगन जागा मिळतात. गावात दुपारी दोनला चूल बंद, आणि रात्री उरतो एखादा इझाकाया (दारूबरोबर खाणं देणारी खानावळ).

आकिताच्या किरितांपोवर माझा डोळा होता. भात कुटून सुगी (जपानी देवदार) झाडाच्या काठीवर थापायचा आणि निखाऱ्यावर भाजायचा, इथवर सगळं आईचंच. पण पुढे तो हिनाई कोंबडीच्या रश्शात जातो. यामागाताची इमोनी म्हणजे अळकुड्यांचा रस्सा. आईला अळकुड्या जीव की प्राण, पण आतल्या भागात त्यात गोमांस आणि शोनाईकडे डुक्कर! र्‍योकानला (जेवणासकट राहायच्या पारंपरिक निवासाला) आधी कळवलं तर बदलून देतात का? सोब्याच्या दुकानात काय मागावं?

प्रतिसाद १

सेंदाईत काही वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगते. र्‍योकानला पोचल्यावर सांगून उपयोग नाही, बाजारहाट आधीच झालेली असते. बुकिंग करतानाच जपानीत लिहा: मांस, मासे, अंडं नाही, दाशी फक्त कोंबूची (समुद्री शेवाळ) किंवा शिताकेची (अळंबी). नुसतं "बेजितारियन" लिहिलंत तर कात्सुओ हमखास येणार. छोटी घरगुती र्‍योकानं कधी सरळ नाही म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, तिथे सुदोमारी म्हणजे जेवणाशिवाय राहायची सोय मागा.

हागुरोला मात्र आईची खरी चंगळ. यात्रेकरूंच्या शुकुबोंत (धर्मशाळांत) आणि डोंगरावरच्या साईकान या निवासात शोजिन, म्हणजे मूळचं मठातलं शाकाहारी, जेवण मिळतं: तिळाचं तोफू, रानभाज्या, अळंब्या. आगाऊ नोंदवावं लागतं, आणि काही शुकुबोंत ताटात मासाही असतो, म्हणून तिथेही विचाराच. चढायला दगडी पायऱ्या २४४६ आहेत. गाडीचा रस्ता वरपर्यंत जातो, गुडघ्यांना त्रास नको.

प्रतिसाद २

सोबा: मोरी (गार, कोरडा सोबा) मागवा, त्सुयू बाजूला सारा आणि मीठ मागून घ्या. ताज्या सोब्याला मीठ लावून खाणं तिथे विचित्र समजत नाहीत. वाटेत मुरायामा-ओइशिदा भागात इता-सोबा मिळतो, लाकडी फळीवर पसरून देतात. नंतर सोबायू, म्हणजे सोब्याचं उकळीचं पाणी, तेही आईला चालेल. तेंपुरा भाज्यांचा असला तरी पिठात बऱ्याचदा अंडं असतं. यामागाताच्या तामा-कोन्न्याकूपासून (कोन्न्याकू नावाच्या कंदाच्या पिठाचे गोळे) सांभाळा: काडीवरचे गोळे निरुपद्रवी दिसतात, पण पातेल्यात अनेकदा सुकं माकूळ सोडलेलं असतं.

मिची-नो-एकी (रस्त्याकडेचे थांबे) चुकवू नका. जेवणघर लवकर बंद होतं, पण भाजी-खाऊच्या विभागात सकाळी अक्रोडाचे आणि झुंदाचे (वाटलेल्या हिरव्या सोयाबीनचे) मोची म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, तिळाचे नांबू सेंबेई (कुरकुरीत चकत्या), सफरचंदं, इबुरिगाक्को असं बरंच सापडतं. इबुरिगाक्को म्हणजे धुरावर टांगून वाळवलेला मुळा, नंतर कोंड्यात मुरवलेला. तिकडच्या बर्फात उन्हाचा भरवसा नाही, म्हणून ही युक्ती. घटक तेवढे वाचून घ्या.

प्रतिसाद ३

मी वेगळंच सुचवतो. मोरिओकाच्या दक्षिणेला हानामाकीत ओसावा ओन्सेन आहे. तिथे तोजीसाठी (गरम झऱ्याच्या स्नानोपचाराचा लांब मुक्काम) येणाऱ्यांकरता सामायिक स्वयंपाकघर आहे. शेतीची कामं उरकली की शेतकरी असे मुक्काम करायचे, स्वतःचं रांधून खायचे. तिथे एक रात्र थांबा आणि आईंनाच इमोनी करू द्या. अळकुड्या, कोन्न्याकू, मैताके अळंब्या, पातीचा कांदा, शोयू (सोया सॉस). ऑक्टोबर हा अळकुड्यांचा हंगामच आहे. सोबत भाजलेला किरितांपो विकत घेऊन त्यातच सोडा. आकिता-यामागातावाले नाकं मुरडतील, मुरडू देत.

धागाकर्ता

प्रतिसाद ३, हे डोक्यातच आलं नव्हतं! आईला फोनवर सांगितलं, तिने लगेच विचारलं, "गोडा मसाला आणू का?" (नको म्हटलंय.) हागुरोच्या एका शुकुबोला मेल टाकली आहे. एकच शंका: दाशीसाठी तयार पूड मिळते ती चालेल का?

प्रतिसाद ३

पूड नको, बहुतेकींत मासा असतो. सुक्या कोंबूची पट्टी घ्या आणि रात्रभर गार पाण्यात भिजत घाला. मैताके मात्र हानामाकीतच घ्या, ताजी मिळतील.