चर्चा: विंडोज-लिनक्स फाइल शेअरिंगला पासवर्ड पाहिजे का नाही?

कापूसपट्टा
दारव्ह्याकडं ऑनलाइन फॉर्मचं केंद्र चालवतो. दोन विंडोज १०, एका जुन्या मशिनीवर उबंटू (लिनक्स), अन् एक जुन्या विंडोज एक्सपीवाली मशीन, कारण जुना स्कॅनर तिच्यावरच चालते. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी पेनड्राइव्ह इकडून तिकडं लावता लावता सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन गेले, पोरगी टीसी हातात घेऊन काउंटरसमोर उभी अन् तिची स्कॅन केलेली मार्कशीट उघडेचना. त्याच रात्री बसून उबंटूवर साम्बा टाकलं (लिनक्सचं फोल्डर विंडोजले दाखवणारं सॉफ्टवेअर), 'कागद' नावाचं फोल्डर शेअर केलं, प्रत्येकाला वेगळं नाव अन् पासवर्ड. माझं म्हणणं असं का खेड्यातल्या केंद्रातही शेअर मोकळं ठेवू नये अन् एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फायली वाटायची जुनी पद्धत, चालू करू नये. लोकायचे आधार, पासबुकं असतात भाऊ त्यात.

वर्धाकाठ
नाई पटलं. एक्सपीले एसएमबी १ शिवाय दुसरं काही समजत नाई, मग स्कॅन करून पुन्हा पेनड्राइव्हच का? माझ्याकडं काउंटरवरचं पोट्टं दर सहा महिन्यानं बदलते, दारात वीस माणसं उभी असली अन् पासवर्डचा डबा आला का ते मलेच फोन करते, मी वावरात असतो. मी गेस्ट, म्हणजे बिनापासवर्डची एन्ट्री, चालू ठेवला, दोन वर्षं झाले, काम थांबलं नाई.

कापूसपट्टा
पासवर्ड एकदाच टाकायचा अन् 'लक्षात ठेवा'वर टिक करायची, लाइन जाऊन आली तरी विंडोज पुन्हा विचारत नाई. अन् २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय आठवा, फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस, एसएमबी १ च्या भोकातून एका मशिनीतून दुसरीत गेलं, कोणी क्लिक न करता. त्या भोकाचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आलेला, ज्यायनं टाकला नव्हता त्यायच्या फायली कुलूपबंद.

पेंचवाला
एक गोष्ट नीट सांगा दादा. ते भोक विंडोजच्या एसएमबी १ मधलं होतं, साम्बातलं नाई. उबंटूवर एसएमबी १ चालू केलं म्हणून वॉनाक्राय येते हे चूक आहे, उगाच लोक घाबरतात.

कापूसपट्टा
हे बरोबर, मी दोन्ही एकत्र केलं. पण त्याच मे महिन्यात साम्बातही एक भोक निघालं होतं, अन् ते वापराले लिहायची परवानगी असलेलं शेअर लागत होतं. वर्धाकाठ, तुमच्या गेस्ट फोल्डरमंधी तर कोणीही लिहू शकते, वायफायचा पासवर्ड अर्ध्या गावाले माहीत आहे. अन् उद्या विंडोज ११ प्रो घेतलं, २४एच२ आवृत्तीवालं, तर ते स्वतःच गेस्टले नाई म्हणते, मग काय करसान?

वर्धाकाठ
ते मले माहीत नव्हतं. पण मी तुमच्यासारखं करून पायलं होतं बरं, उबंटूचा लॉगिन पासवर्ड टाकला तरी घेतच नव्हतं, दोन दिवस गेले, म्हणून शेवटी गेस्ट केलं.

पेंचवाला
साम्बाचा पासवर्ड वेगळा असते, पण उबंटूच्या लॉगिनवालाच चालते असं सगळ्यायले वाटते. उबंटूवर smbpasswd कमांडले -a लावून त्याच नावाचा साम्बा पासवर्ड एकदा टाका. नेटवर्कमंधी मशीन दिसली नाई तरी दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) मारून उबंटूचा आयपी (नेटवर्कमधला नंबर) टाका, उघडते. राउटरमंधी तो आयपी पक्का करून ठेवा.

वर्धाकाठ
रविवारी करून पायतो. पण एक्सपी मी काढणार नाई, नवीन स्कॅनरचे पैसे कापूस विकल्यावरच.

कापूसपट्टा
काढू नका, फक्त तिचा स्कॅनर एकदा उबंटूले जोडून पाहा, पुष्कळ जुने स्कॅनर तिथं ड्रायव्हर न टाकता चालतात. कोणत्या कंपनीचा आहे, मॉडेल नंबर टाका इथं.