कॉलेज फुटबॉलमधलं 'घराणं' नेमकं कुणाला म्हणायचं?

कोलंबसकर (धागाकर्ता)

३० ऑगस्टला आमच्या गावात, कोलंबसला, ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सस. २०२५च्या हंगामाची याहून दणदणीत सुरुवात होऊच शकत नाही. या सामन्यावरून गेल्या शनिवारी आमच्या मराठी मंडळींत जेवणानंतर जो वाद पेटला, तो अर्धवट राहिला म्हणून इथे आणतोय.

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) 'ब्लू ब्लड' म्हणजे खानदानी संघ. आठ नावं हमखास घेतली जातात: अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन, नोट्र डेम, ओक्लाहोमा, टेक्सस, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि नेब्रास्का. ही यादी कशावरून ठरली असं विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात.

मी गाण्यातल्या घराण्याची कसोटी लावतो. एक थोर गवई झाला म्हणून घराणं होत नाही. त्याची गायकी निदान तीन पिढ्या चालली तर ते घराणं. फुटबॉलमध्ये गवयाच्या जागी कोच. कॉलेजची पोरं चार-पाच वर्षांत निघून जातात, टिकतो तो कोच, आणि तोही गेल्यावर जे उरतं ती परंपरा.

म्हणून माझा नियम असा. पत्रकारांच्या मतांवरची एपी क्रमवारी १९३६पासून नियमित सुरू झाली. तेव्हापासून किमान तीन वेगवेगळ्या कोचांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलेलं असावं, आणि पहिल्या व शेवटच्या विजेतेपदात किमान ४० वर्षांचं अंतर असावं. ओहायो स्टेट बघा: १९४२मध्ये पॉल ब्राउन, मग वुडी हेज, २००२मध्ये जिम ट्रेसल, २०१४मध्ये अर्बन मायर आणि आता २०२४च्या हंगामात रायन डे. अलाबामात बेअर ब्रायंट, जीन स्टॉलिंग्ज, निक सेबन. ओक्लाहोमात बड विल्किन्सन, बॅरी स्विट्झर, बॉब स्टूप्स. मायामीने चार कोचांकडून पाच विजेतेपदं मिळवली, पण ती सगळी १९८३ ते २००१ या १८ वर्षांत. ते वैभव होतं, घराणं नव्हतं.

आता कडू भाग. टेक्ससकडे डॅरेल रॉयल आणि मॅक ब्राउन, तिसरा नाही. नेब्रास्काकडे बॉब डेव्हनी आणि टॉम ऑस्बोर्न, तिसरा नाही. माझ्या यादीतून हे दोन्ही बाहेर.

मक्याच्या_रानात

कोलंबसकर, मी २२ वर्षं लिंकनमध्ये, नेब्रास्का संघाच्या गावात, राहते. तुमचा नियम वाचून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम १९-२० लाख. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही, समुद्रकिनारा नाही, हिवाळा कसा असतो ते विचारू नका. तरीही आमच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर १९६२पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपलेली आहेत. ८५ हजारांच्या आसपास लोक आत बसतात, म्हणजे ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातल्या कुठल्याही गावापेक्षा जास्त माणसं त्या दिवशी स्टेडियमात असतात. आणि २०१७पासून सलग सात हंगाम आम्ही निम्म्याहून जास्त सामने हरलो, तेव्हाही एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. जिंकताना गर्दी कुठेही होते हो.

१९६२ ते २००३ आमच्या एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत. ऑस्बोर्नने २५ हंगामांत २५५ सामने जिंकले. शिष्यवृत्ती न मिळालेली, शेतावरची पोरं स्वतःच्या खर्चाने संघात येत आणि तीन वर्षं घाम गाळून मैदानात उतरत. 'वॉक-ऑन' म्हणतात त्यांना. अख्ख्या राज्यातल्या प्रत्येक तालुक्यातलं कुणी ना कुणी त्या संघात खेळून आलेलं असायचं. याला परंपरा म्हणायचं नाही तर कशाला?

आर्बरची_सावली

मक्याच्या रानातल्या ताई, तुमच्याशी माझं १९९७चं भांडण आहे (त्या वर्षी पत्रकारांनी मिशिगनला अव्वल ठरवलं, कोचांनी नेब्रास्काला, आणि दोघांचा सामना झालाच नाही). पण आज मी तुमच्या बाजूने आहे.

कोलंबसकर, तुमच्या नियमात मिशिगन बसतं: १९४८, १९९७, २०२३, तीन कोच. पण तो नियम आमच्या घराण्याचा खरा पुरुषच गाळून टाकतो. बो शेम्बेक्लर १९६९ ते १९८९ मिशिगनचा कोच होता. १९४ सामने जिंकला. राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. तरी मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावात कुणालाही विचारा, मिशिगन म्हणजे काय ते त्याच्याकडे बोट दाखवून सांगतील.

आणि तो शिष्य कुणाचा? तुमच्याच वुडी हेजचा! हेजच्या हाताखाली खेळला, ओहायो स्टेटमध्ये त्याचा सहायक होता, आणि मिशिगनला आल्यावर पहिल्याच वर्षी त्याने गुरूला २४-१२ने हरवलं. तेव्हापासून दहा वर्षं या दोघांचा नोव्हेंबरातला सामना म्हणजे दोन राज्यांचा श्वास अडकलेला असायचा. तुम्ही घराण्याचा दाखला दिलात म्हणून सांगतो, गुरूची विद्या घेऊन त्याच्याच समोर उभं राहणं हे मला कुठल्याही ढालीपेक्षा मोठं वाटतं. खानदानी संघ व्हायला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी लागतो. २०२४च्या ३० नोव्हेंबरला क्रमवारीत नसलेल्या आमच्या संघाने तुम्हाला तुमच्याच मैदानावर १३-१०ने हरवलं. दीड-दोन महिन्यांनी तुम्ही देशाचे विजेते झालात. त्या दोन्ही दिवसांपैकी कोलंबसमध्ये आज कुठला जास्त आठवला जातो, प्रामाणिकपणे सांगा.

कोलंबसकर

प्रामाणिकपणे? ३० नोव्हेंबर. अजून झोंबतो.

बायूकाठी

धागाकर्ते, तुमचा नियम तुम्ही शेवटपर्यंत लावून पाहिलेला नाही. एलएसयू (लुइझियाना स्टेट): १९५८ पॉल डिट्झेल, २००३ निक सेबन, २००७ लेस माइल्स, २०१९ एड ऑर्जेरॉन. चार कोच, ६१ वर्षांचं अंतर. तुमच्या कसोटीला पूर्ण उतरतं, आणि तरी तुमच्या पोस्टमध्ये नावही नाही. म्हणजे यादी आधी मनात होती आणि नियम नंतर बेतलात.

हिशेबनीस

वरचं सगळं भावनेचं झालं. मी पैशाचं बोलतो.

१९८४पर्यंत कुणाचा सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी खटला भरला, सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएचा मक्ता मोडला आणि कॉन्फरन्सेस (विद्यापीठांचे गट) स्वतःचे करार करायला मोकळ्या झाल्या. १९९१पासून नोट्र डेमचे घरचे सामने एनबीसी वाहिनीवर दिसतात, एकट्या विद्यापीठाचा स्वतंत्र करार. त्यांचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९८८चं. विजेतेपद नसताना जे नाव देशभर घराघरांत पोचत राहतं, ते विसरलं कसं जाईल? ओहायो स्टेट, मिशिगन ज्यात आहेत त्या बिग टेन कॉन्फरन्सचा २०२२चा टीव्ही करार सात वर्षांचा आणि सुमारे ७ अब्ज डॉलरचा आहे. जुलै २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमाई करू शकतात. जुलै २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येकी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. कोलंबसकर, तुमच्या विजेत्या संघासाठी २ कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला, हे तुमच्याच क्रीडासंचालकांनी सांगितलेलं आहे.

दुसरं, जुन्या विजेतेपदांचा पायाच मतदानाचा. १९६६मध्ये नोट्र डेमने मिशिगन स्टेटशी १०-१० अशी बरोबरी केली आणि पहिला क्रमांक मिळवला. अलाबामा एकही सामना न हरता, न बरोबरीत सुटता तिसरं. मोठं नाव म्हणून मतं, मतं म्हणून विजेतेपद, विजेतेपद म्हणून मोठं नाव. हे चक्र एकदा फिरायला लागलं की त्याला आपण परंपरा म्हणतो.

आर्बरची_सावली

हिशेबनीस, पैशाने सगळं होत असतं तर टेक्सस इतकी वर्षं चाचपडलं नसतं. राज्य खेळाडूंनी भरलेलं, तिजोरी भरलेली, आणि तरी २००५नंतर विजेतेपद नाही. पैसा लागतोच, पण तो सगळ्या मोठ्यांकडे आहे. मग त्यांच्यातला फरक कशाने पडतो, याचं उत्तर तुमच्या वहीत नाही.

अटलांटा_पेठ

एक गोष्ट कुणीच काढली नाही. 'पारंपरिक' म्हणताना ती परंपरा कुणासाठी खुली होती?

टेक्ससचा १९६९चा विजेता संघ पूर्ण गोऱ्या खेळाडूंचा होता. अलाबामाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विल्बर जॅक्सन, शिष्यवृत्तीवर घेतला तो १९७०मध्ये. त्याच सप्टेंबरात यूएससीने बर्मिंगहॅमला येऊन ४२-२१ने धूळ चारली आणि सॅम कनिंगहॅम नावाचा कृष्णवर्णीय धावपटू १३५ यार्ड पळाला. त्या एका सामन्याने अलाबामा बदललं असं लोक सांगतात. ते पुरतं खरं नाही, कारण जॅक्सन त्याआधीच घेतलेला होता. पण सामन्यानंतर बदलाला विरोध करणाऱ्यांची तोंडं बंद झाली, एवढं नक्की.

उत्तरेकडच्यांनीही मान ताठ करू नये. १९३४मध्ये जॉर्जिया टेकने हट्ट धरला म्हणून मिशिगनने आपल्याच विलिस वॉर्डला बाहेर बसवलं.

मग ती पोरं जात कुठे? लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगसारख्या कॉलेजांत. तिथे एडी रॉबिन्सन १९४१ ते १९९७ कोच होता आणि ४०८ सामने जिंकला. त्याच्या हाताखालचे २००हून जास्त खेळाडू व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचले. कोलंबसकर, एका माणसाने ५० वर्षांहून जास्त काळ तीन पिढ्या घडवल्या. तुमच्या आठ नावांत, किंवा सहा नावांत, तो कुठे आहे? एपी क्रमवारीत त्या कॉलेजला जागाच नव्हती. नियमाची सुरुवात १९३६ची एपी क्रमवारी धरलीत तिथेच तो गळला.

कोलंबसकर

बायूकाठी, मान्य. एलएसयू आत घेतो. नियम मोडण्यापेक्षा यादी बदललेली बरी.

अटलांटा पेठ, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. तुमचं म्हणणं खोडता येत नाही. जुन्या विजेतेपदांच्या आकड्यांकडे मी आता त्याच नजरेने बघू शकणार नाही. १९७०च्या आधीच्या दक्षिणेतल्या ढाली अर्ध्या स्पर्धकांना दाराबाहेर ठेवून जिंकलेल्या आहेत. रॉबिन्सनचं घराणं वेगळं मोजावं लागेल, आणि ते कदाचित सगळ्यांत मोठं निघेल.

हिशेबनीस, तुम्ही मात्र अर्धंच सांगितलंत. परंपरा चक्राने चालते हे खरं असलं तरी ते थांबवताही येतं. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइसमन पुरस्कार पहिल्यांदा, १९३५मध्ये, शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला मिळाला. आमोस अलोन्झो स्टॅगने तिथे ४१ वर्षं संघ घडवला होता. १९३९मध्ये अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद केलं, विद्यापीठाचं काम विद्या आहे म्हणून. पुढे डिसेंबर १९४२मध्ये त्याच स्टॅग फील्डच्या प्रेक्षागॅलरीखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया झाली. प्रिन्स्टन आणि येल एकेकाळी या खेळाचे मालक होते, त्यांनीही आपणहून पाऊल मागे घेतलं. म्हणजे खानदानी राहणं हा विद्यापीठाने दर पिढीत नव्याने घेतलेला निर्णय असतो. म्हणूनच मी तीन कोच मागतो. कोच नेमणं, त्याला वेळ देणं, तो गेल्यावर पुन्हा तितकाच चांगला शोधणं. नेब्रास्का नेमकं इथे चुकलं. २००३मध्ये फ्रँक सोलिचला ९ विजय आणि ३ पराभवांनंतर काढून टाकलं.

मक्याच्या_रानात

सोलिचचं खरं आहे. तो निर्णय आम्हाला २० वर्षं पुरला, आणि इथे कुणी तो विसरलेलं नाही. पण चूक केली अधिकाऱ्यांनी. गॅलरीतल्या माणसांनी काय चूक केली होती? माझ्या शेजारच्या काकूंकडे वडिलांच्या वेळेपासूनची दोन तिकिटं आहेत. काका गेले त्या वर्षीही त्या गेल्या, शेजारच्या खुर्चीवर त्यांची लाल टोपी ठेवून. तुमचा निर्णय घेणारे दर पिढीत बदलतात, म्हणता. आमच्याकडे खुर्चीवर बसणारे बदलत नाहीत, आणि तुमच्या नियमात त्यांना जागा नाही. मी मत बदललेलं नाही.

बायूकाठी

ताईंशी सहमत नाही, पण टोपीचं वाचून गलबललं.

हिशेबनीस

सहमत नाही. टोपीने सामने जिंकता येत नाहीत. पुढच्या दहा वर्षांत पैसे देणारे आणि न देणारे असे दोनच गट उरतील, आणि ब्लू ब्लड हा शब्द जुन्या वर्तमानपत्रांतच सापडेल.

आर्बरची_सावली

हिशेबनीस, पैज लावायला तयार आहे. २०३५मध्ये हा धागा वर काढू.

ताई, २० सप्टेंबरला मिशिगन लिंकनला खेळायला येतंय. मी आणि मुलगी गाडीने निघायचं म्हणतोय, १२ तासांचा रस्ता. तिकिटं मिळतील का?

मक्याच्या_रानात

तिकिटं काकूंना विचारते. उतरायला आमच्याकडेच या, हॉटेलं तेव्हा परवडत नाहीत. सामन्याआधी पिठलं-भाकरी करीन. निळे कपडे घालून आलात तरी वाढीन, पण १९९७चा विषय जेवण झाल्यावर.