चेक इंजिन लाइट लागली, सर्व्हिस सेंटर 34 हजार सांगतंय, करू का खर्च?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. माझी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, तीन वर्षांपूर्वी बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय, 82 हजार किलोमीटर झालेत. शाळेत नोकरीला आहे, रोज कऱ्हाड-सातारा जाऊन येऊन शंभरेक किलोमीटर होतंच. मागच्या रविवारी पुण्याहून परत येताना खंबाटकी चढत होतो, आई मागं बसलेली, पाऊस दणकून, गाडी सीएनजीवर, आणि एकदम गाडीची ओढच गेली, हिसके द्यायला लागली आणि मीटरमधली ती पिवळी इंजिनची लाइट लुकलुकायला लागली. मागं ट्रकची रांग, थांबायला जागा नाही, आई सारखी विचारतेय काय झालं म्हणून, कशीबशी पहिल्या-दुसऱ्या गिअरला वर आणली. बाजूला घेऊन बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली तर लाइट स्थिर लागून राहिलेली, पण गाडी जागेवर थरथरत होती.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला नेली. लॅपटॉप लावला, काहीतरी पुसलं, "झालं मॅडम" म्हणाले आणि साडेआठशे रुपये घेतले. बुधवारी लाइट परत हजर. परत गेले तर म्हणाले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा) गेलाय, बदलावाच लागेल, 34 हजार. मी कागद मागून घेतला, त्यावर पी 0303 आणि पी 0420 असे दोन कोड आहेत. बोनेट मात्र माझ्यासमोर एकदाही उघडलं नाही. गल्लीतला फिटर म्हणतो बॅटरीची टर्मिनल अर्धा तास काढून ठेवा, लाइट जाते. आता मला कळंना की 34 हजार घालायचे का, आणि तोवर ही गाडी रोज हायवेला काढू का नको. घरात दुसरी गाडी नाही.

गिअर_दोन
ताई, 34 हजार आजिबात देऊ नका, निदान अजून तरी नाही. आणि तो कागद मागून घेतलात हे फार बरं केलंत, बहुतेक लोक कोड न बघताच पुसून घेतात आणि मग हातात काहीच राहत नाही.

कोड म्हणजे कुठला पार्ट बदलायचा त्याचं नाव नव्हे, कुठं शोधायचं ते सांगतो तो. पी 0303 म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथं इंधन नीट पेटत नाहीये, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी 0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पाहिजे तेवढं काम करत नाहीये असं गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतंय. आता हे दोन एकत्र आलेत ना, तर आधी मिसफायर बघायचा, कारण तीन नंबरमध्ये न जळलेलं पेट्रोल किंवा गॅस तसाच सायलेन्सरकडं जातो आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतो. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर, ती जाळी त्या उष्णतेनं वितळू शकते. लाइट लुकलुकते ती याचसाठी, की कन्व्हर्टर जळेल असा मिसफायर आत्ता चालू आहे, पाय उचला. समजा तुम्ही नवा 34 हजाराचा बसवला आणि मिसफायर तसाच राहिला, तर नवासुद्धा त्याच वाटेनं जाणार. हे त्यांनी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, मला खरंच राग आला वाचून.

चालवण्याबद्दल: लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश न्यायला हरकत नाही. लुकलुकत असेल तर बाजूला घ्या. तुमची जागेवर थरथरतेय म्हणजे मिसफायर अजून आहे, म्हणून दोन-चार दिवस एसटीनं जा असंच मी सांगेन. आणि लाल दिवा, म्हणजे ऑइलच्या किटलीचा किंवा टेंपरेचरचा, लागला तर त्याच जागी इंजिन बंद, तिथं विचारच करायचा नाही.

बॅटरी काढून लाइट जाते हे खरं आहे पण त्यानं दुखणं जात नाही, आणि वर कोडसोबतची नोंद पण जाते. बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, पाणी किती तापलेलं हे कॉम्प्युटर टिपून ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. मेकॅनिकला तीच पाहिजे असते.

दहाचा_पाना
कोल्हापुरात गॅरेज आहे माझं, 22 वर्षं हेच काम करतोय. ताई, सीएनजी, पाऊस आणि घाट, तिन्ही एकदम आलं की मी आधी प्लग (ठिणगी पाडतो तो) आणि कॉइल (प्लगला व्होल्टेज देते ती) काढतो, लॅपटॉप नंतर. गॅसवर ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यात प्लग झिजून टोकांमधला गॅप वाढलेला असला की सगळा ताण कॉइलवर येतो. चढाला लोड आला की कमजोर कॉइल तिथंच हात टेकते.

एक सोपी तपासणी सांगतो, पैसे लागत नाहीत. इंजिन पूर्ण गार पाहिजे, चावी काढलेली. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं की प्रत्येक सिलिंडरवर एक कॉइल दिसेल, दहाच्या पान्याचा एकच बोल्ट असतो. (एकच कॉइल पॅक आणि वायरी असतील तर ही युक्ती अशी चालणार नाही.) कनेक्टरचं लॉक जुनं झालेलं असतं, दाबून हळू काढा, ओढलं की तुटतं. नंबर बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूनं मोजतात. आता तीनची कॉइल एकला बसवा आणि एकची तीनला, कोड पुसा, गाडी चालवा. कोड 0301 झाला तर कॉइल गेली, कारण दुखणं कॉइलबरोबर सरकलं. 0303 च राहिला तर कॉइल बरी आहे, मग प्लग, इंजेक्टर, गॅसचा इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं बघत जायचं.

कॉइल बाहेर काढली की तिचं रबर आतून टॉर्च मारून बघा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर पण तशीच रेघ सापडते, मग दोन्ही बदला, एक ठेवून उपयोग नाही. खाली प्लगच्या भोकात पाणी किंवा ऑइल साठलंय का ते पण बघा. बोनेट उघडून प्रेशरनं इंजिन धुऊन घेतात लोक, मी सगळ्यांना सांगतो नका धुऊ, पाणी तिथंच जाऊन बसतं.

आणि वायरी बघा. पावसाळ्यात उंदीर गरम जागा शोधत इंजिनमध्ये येतात, कॉइलची आणि ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) वायर कुरतडलेली मी दर वर्षी बघतो. चार नवे सेन्सर घाला म्हणून सांगितलेली गाडी वायरीचा एक जोड नीट करून बरी झालेली आहे माझ्याकडं.

नाशिककर_81
माझी लाइट सहा महिने स्थिर होती, गाडी व्यवस्थित चालत होती म्हणून मी लक्ष दिलं नाही, पीयूसी पण निघाली. फक्त अ‍ॅव्हरेज 17 वरून 13 वर आलं होतं. शेवटी कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर खराब निघाला. म्हणजे एवढं घाबरण्यासारखं नसतं असं मला वाटतं.

गिअर_दोन
@नाशिककर_81 तुमची स्थिर होती आणि मिसफायर नव्हता, म्हणून निभावलं. ताईंची लुकलुकली, ही केस वेगळी आहे, कृपया दोन्ही एकाच मापानं मोजू नका. पीयूसीचं म्हणाल तर पेट्रोल गाडीला तिथं उभ्या गाडीचा धूर मोजतात, घाटात लोडवर काय होतंय ते त्यात येत नाही. आणि सहा महिने लिटरमागं चार किलोमीटर कमी पडले, तेवढ्या पेट्रोलच्या पैशात तो सेन्सर आला असता.

ताई, जमलं तर एक ब्लूटूथ स्कॅनर घेऊन ठेवा, हजाराच्या आसपास साधा मिळतो. स्टेअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं, आपल्याकडं एप्रिल 2013 पासून नव्या गाड्यांना ओबीडी 2 (गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखून कोड द्यायची पद्धत) बंधनकारक आहे त्यामुळं तुमच्या गाडीत असणारच. मोबाइलवर अ‍ॅप टाकलं की कोड स्वतः वाचता येतो. मिसफायर दुरुस्त झाल्यावर त्यातच कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा, गाडी गरम करून, एकसारख्या वेगात. रेघ 0.6-0.7 व्होल्टच्या आसपास शांत असेल तर कन्व्हर्टर जिवंत आहे. पुढच्या सेन्सरसारखीच 0.1 ते 0.9 अशी सारखी वरखाली उड्या मारत असेल तर मात्र तो खरंच दमलाय. आणि तेव्हासुद्धा त्याच्या आधी पाइपला कुठं लीकेज नाही ना ते बघूनच पैसे द्यायचे.

जर्सीचा_मावळा
मी मूळचा वाईचा, खंबाटकी वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. इथं न्यू जर्सीत ही लाइट लागलेली असली तर इन्स्पेक्शनमध्ये गाडी सरळ नापास होते, कोड पुसून लगेच गेलं तरी चालत नाही कारण कॉम्प्युटरच्या सगळ्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का तेही बघतात. त्यामुळं इथं लोकांना आधी दुरुस्ती करावीच लागते. सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत कोड फुकट वाचून देतात. माझी एकदा लागली तेव्हा पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट आवळलेलं नव्हतं एवढंच कारण होतं, टिक टिक वाजेपर्यंत फिरवलं आणि काही दिवसांनी लाइट आपोआप गेली. पण आईला घेऊन घाटात हिसके खाणारी गाडी नका हो काढू परत, माझेही आईवडील त्याच रस्त्यानं जातात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवस एसटीनं गेले, शनिवारी भावानं आणि मी मिळून अंगणात बोनेट उघडलं. दहाचा पाना भावाकडं होता. दादा, तुम्ही सांगितलं तसं तीनची कॉइल एकला लावली, स्कॅनर भावाच्या मित्राचा आणला, कोड पुसले आणि कोळे गावापर्यंत जाऊन आलो. पी 0301! मी रस्त्यात गाडी थांबवून तो आकडा तीनदा वाचला. परत येऊन कॉइल काढली तर रबराच्या आत ती काळी रेघ, केसाएवढी, आणि प्लगच्या सिरॅमिकवर तिची जोडीदार. चारही प्लगचा गॅप वाढलेला होता, फिटरनं गेज लावून दाखवला, 1.3 मिलिमीटरच्या वर. किट बसवल्यापासून प्लग एकदाही बदलले नव्हते, मला कुणी सांगितलंच नाही.

एक नवी कॉइल, चार प्लग, मजुरी धरून 3,900 रुपये झाले. आता पेट्रोलवर 640 किलोमीटर झालेत, लाइट नाही, थरथर नाही, 0420 सुद्धा परत आलेला नाही. मागच्या सेन्सरची रेघ 0.65 च्या जवळ आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. सीएनजीवर अजून टाकली नाही, भीती वाटतेय. टाकू का?

दहाचा_पाना
टाका ताई, पण आधी दोन गोष्टी. नव्या प्लगचा गॅप फिटरनं किती ठेवलाय ते विचारा, आमच्याकडं गॅसच्या गाडीला 0.7 ते 0.8 ठेवतो, पेट्रोलचा 1.1 तसाच सोडला असेल तर कॉइलवर परत तोच ताण. आणि किटवाल्याकडून गॅसचा फिल्टर बदलून मॅपिंग (गॅस किती सोडायचा त्याचं सेटिंग) तपासून घ्या, गॅस कमी जात असेल तर मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि गॅस कमी, होऊन पी 0171 कोड येतो. मग पहिले दोन दिवस सपाट रस्त्याला गॅसवर चालवा, स्कॅनर लावून ठेवा. कोड फक्त गॅसवरच आला आणि पेट्रोलवर आला नाही तर गाडी बरी आहे, किटचं काम आहे असं समजायचं आणि किटवाल्यालाच धरायचं. जुनी कॉइल फेकू नका, सर्व्हिस सेंटरला ती आणि तो कागद दोन्ही घेऊन जा आणि साडेआठशे कशाचे घेतले ते विचारा.

कृष्णाकाठ
गॅप विचारला, 1.1 च आहे. उद्या परत काढून 0.8 करून घेते. कॉइल पिशवीत घालून ठेवलीय, सोमवारी शाळा सुटल्यावर जाणार आहे.