मदत हवी आहे: वर्डमध्ये केलेल्या वेबपानावर फोटो दिसून नाही राहिले

महालवाली
आमच्या छोट्या वाचनालयाची साइट मी सांभाळते. कोडिंग येत नाही, म्हणून वर्डमध्ये टाइप करायचं, 'वेब पेज' म्हणून सेव्ह करायचं आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून चढवायचं. नुसता मजकूर होता तोवर काही अडलं नाही. यंदा तान्ह्या पोळ्याच्या मारबत-बडग्यांचं, म्हणजे ईडा पीडा घेऊन जा म्हणत मिरवतात त्या पुतळ्यांचं, पान केलं, फोटोंसकट. लॅपटॉपवर झकास दिसतं. साइटवर मात्र फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी!

वर्डने पानासोबत एक फोल्डर बनवलं होतं. फाइल मॅनेजर अख्खं फोल्डर घेत नाही, म्हणून त्यातले फोटो साइटवरच्या जुन्या 'इमेजेस' फोल्डरमध्ये टाकले. पिवळ्या मारबतीचे फोटो दादाच्या पेनड्राइव्हवरून घेतले होते, ते तर त्या फोल्डरमध्येही नाहीत. पानाचं नाव देवनागरीत आहे, त्यामुळे होत असेल का?

इतवारीकर
ताई, साइटवरचं पान उघडून राइट क्लिक करा, 'व्ह्यू पेज सोर्स' घ्या आणि त्यात जेपीजी (फोटोच्या फाइलच्या नावाचा शेवट) शोधा. एकाच फोटोचा पत्ता दोनदा दिसला तर गोंधळू नका, एक वर्डने स्वतःसाठी ठेवलेला असतो. इमेज टॅगमधला, म्हणजे 'आयएमजी' लिहिलेल्या खुणेतला, काय म्हणतो ते सांगा.

महालवाली
काळ्या मारबतीच्या फोटोला टक्क्याची चिन्हं आणि आकडे-अक्षरांची लांबच लांब माळ, शेवटी इमेज००१. पिवळीच्या फोटोला सुरुवातीलाच 'फाइल', कोलन, तीन तिरप्या रेघा, मग ई ड्राइव्ह.

इतवारीकर
दोन वेगळी दुखणी आहेत.

पानात फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो. काळीचा पत्ता वर्डच्या फोल्डरचा आहे आणि ते फोल्डर सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या संगणकावर, नाहीच. ती टक्क्यांची माळ म्हणजे तुमचं देवनागरी नावच, एकेका अक्षराचे किंवा मात्रेचे तीन-तीन तुकडे होतात. ते चालतं, पण चढवताना नावाची मोडतोड व्हायची भीती असते. वर्डमधूनच पुन्हा सेव्ह करा, नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये स्पेस नको. सेव्ह झाल्यावर पान किंवा फोल्डर यांचं नाव बदलू नका, आतले पत्ते जुनेच राहतात. मग पान आणि फोल्डर मिळून झिप करा, झिप चढवा आणि तिथेच 'एक्स्ट्रॅक्ट' करा.

पिवळीचा फोटो टाकताना 'लिंक टू फाइल' निवडलं गेलं असणार. पत्ता पेनड्राइव्हचा आहे. तो लावलेला असेल तोवर तुम्हाला दिसेल, जगाला नाही. पेनड्राइव्ह लावूनच वर्डमध्ये फाइल, इन्फो, 'एडिट लिंक्स टू फाइल्स' उघडा, 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट'वर खूण करा आणि मग 'ब्रेक लिंक'. हे आधी, सेव्ह नंतर.

वर्धारोड
कशाला एवढा खटाटोप? वर्ड सोडा, वर्डप्रेस घ्या.

इतवारीकर
भाऊ, त्यांना हे पान चढवायचंय, नवीन संसार नाही मांडायचा. बरं ताई, सेव्ह करताना 'वेब पेज, फिल्टर्ड' निवडा, वर्डचा बराचसा कचरा गळतो. वर्डची मूळ फाइल मात्र जपून ठेवा, पुढच्या दुरुस्त्या तिच्यातच करायच्या.

महालवाली
काळी आली, पिवळीही आली! बडग्याचा एकच फोटो अडलाय. तो धूसर होता, म्हणून फोल्डरमधला काढून त्याच नावाचा चांगला ठेवला. लॅपटॉपवर तोही दिसतो.

इतवारीकर
नवीन फोटोच्या शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये आहे का बघा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचं सोयरसुतक नसतं, लिनक्स सर्व्हरला असतं.

महालवाली
कॅपिटलच होतं. छोटं केलं, दिसला. ईडा पीडा घेऊन गेली मारबत! वर्डमधून पुन्हा सेव्ह केलं तर हा फोटो टिकेल का?

इतवारीकर
नाही. वर्ड फोल्डरमधले फोटो नव्याने काढतो, तुमचा धूसर बडग्या परत येईल. चांगला फोटो मूळ फाइलमध्येच घाला, या वेळी नुसतं 'इन्सर्ट' निवडून.