एकाच आर्गो फ्लोटची सॅलिनिटी जानेवारीत वेगळी आणि आता वेगळी?

समुद्रवेडी:
जर्मनीत कीलला मास्टर्स करतीये, थीसिससाठी पश्चिम भूमध्य समुद्रातले आर्गो फ्लोट (समुद्रात वरखाली जाऊन तापमान आणि सॅलिनिटी म्हणजे खारेपणा मोजणारी स्वयंचलित उपकरणं) घेतलेत. जानेवारीत कोपर्निकस मरीन या युरोपच्या समुद्र-डेटा साइटवरून एका फ्लोटची फाइल घेऊन सगळे ग्राफ काढले, परवा लॅपटॉप बदलला म्हणून तीच फाइल परत डाउनलोड केली तर खोल पाण्यातली सॅलिनिटी ०.०३ पर्यंत कमी दिसतीये, तापमान मात्र जसंच्या तसं. कोड चार वेळा तपासला, रडायची वेळ आलीये. शिवाय तोच फ्लोट इमोडनेट या युरोपच्या दुसऱ्या डेटा साइटवर पण आहे, आर्गोच्या सर्व्हरवर पण आहे, मग विचारायचं तरी कोणाला?

खोलपाणी:
घाबरू नकोस, तुझा कोड ठीक असणार. फ्लोट वर आला की सॅटेलाइटवरून प्रोफाइल (खोलीनुसार घेतलेली मोजमापं) पाठवतो आणि ते एका दिवसाच्या आत आपोआप तपासून सगळ्यांना मिळतं, कारण मॉडेलवाल्यांना आजचा समुद्र आजच हवा असतो. पण कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते) मोजणारा सेन्सर महिनोन्‌महिने पाण्यात राहून हळूहळू सरकतो, म्हणजे चुकीचं मोजायला लागतो, आणि सॅलिनिटी त्यावरूनच काढतात, तापमानाचा सेन्सर वेगळा, म्हणून ते हललं नाही. साधारण वर्षभराने एखादा माणूस बसून जुन्या आणि आसपासच्या जहाजांच्या मोजमापांशी ताडून दुरुस्ती करतो, त्याला डिलेड मोड म्हणतात. आर्गोच्या मूळ फाइलमध्ये डेटा मोड बघ, आधी आर (रिअल टाइम) किंवा ए (आपोआप दुरुस्त केलेला रिअल टाइम) असेल, आता डी (डिलेड) झालं असेल.

कोणाला विचारायचं तर भूमध्य समुद्रातले फ्लोट इटलीत त्रिएस्तेची ओजीएस संस्था बघते, तिथे बहुतेक फ्लोट ३५० मीटरवर थांबतात आणि दर ५ दिवसांनी वर येतात, इतर महासागरांत हेच १००० मीटर आणि १० दिवस. फाइली ब्रेस्टच्या कोरिओलिस केंद्रात जमतात, कोपर्निकस आणि इमोडनेट तिथून पुढे आपापल्या वाचकांसाठी मांडतात. एक गोष्ट मनापासून सांगतो, कोपर्निकसचे सेंटिनेल सॅटेलाइट युरोपच्या सामायिक पैशातून उडतात पण पाण्यातली उपकरणं बहुतेक त्या त्या देशाच्या संस्था स्वतःच्या बजेटमधून टाकतात. कोपनहेगनची युरोपियन पर्यावरण संस्था समन्वय करते, पण एखाद्या देशाने फ्लोट टाकणं थांबवलं तर नकाशावर तिथे भोकच पडतं. म्हणून थीसिसमध्ये नुसतं 'कोपर्निकस डेटा' लिहून मोकळी होऊ नकोस, आर्गोचा डीओआय (डेटाचा कायमचा संदर्भ क्रमांक) दे, त्या लोकांना पुढचा निधी मागताना तोच दाखवता येतो.

अरबीसमुद्र_७२:
बरोबर बोलला भाऊ. अरबी समुद्रातल्या फ्लोटचंही हेच होतं, भारताच्या फ्लोटचा डेटा हैदराबादच्या इन्कॉइसमधून जातो. ताई, एक कर, आर्गोचे महिन्याचे स्नॅपशॉट, म्हणजे नंतर न बदलणाऱ्या प्रती, निघतात, प्रत्येकाला स्वतंत्र डीओआय असतो, त्यातला एक घे आणि शेवटपर्यंत तोच वापर, नाहीतर दर वेळी ग्राफ हलत राहणार. आणि क्यूसी फ्लॅग (प्रत्येक आकड्याचा दर्जा सांगणारा अंक) बघितल्याशिवाय एकही आकडा घेऊ नकोस, १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट.

समुद्रवेडी:
खूप खूप आभार दोघांचे! डी च निघालं. दोन्ही फाइली एकावर एक काढून बघितल्या, पहिल्या वर्षाच्या प्रोफाइलमध्ये काहीच फरक नाही, मग हळूहळू वाढत गेलाय, म्हणजे मी ज्याला 'पाणी खारट होतंय' म्हणत होते तो सेन्सरच होता. तो चॅप्टर आज रात्री परत लिहायला घेतीये.