‘अकबत अस्-सवीक’ म्हणजे नेमका कोणता घाट?

प्रश्न (डिचोली)
गोव्याच्या इतिहासावर लिहिताना आपण सारेच चौदाव्या शतकातील मोरोक्कन प्रवासी इब्न बतूताच्या ‘संदापूर’चा आधार घेतो: छत्तीस गावांचे बेट, भोवती खाडी, ओहोटीला गोडे आणि भरतीला खारे पाणी. त्याचे प्रवासवर्णन या निमित्ताने आरंभापासून वाचायला घेतले, आणि १३२६ मधील त्याच्या पहिल्या हजयात्रेत, मदिनेहून मक्केकडे जाताना लागणाऱ्या ‘अकबत अस्-सवीक’ या नावापाशी अडकलो. ‘अकबा’ म्हणजे चढणीचा घाट, एवढे समजते. परंतु ‘सवीक’ हे एखाद्या टोळीचे नाव आहे काय? आणि ज्या चढणीला तो नुसतीच रेताड म्हणतो, तिथे सारा काफिला एवढ्या अगत्याने का थांबतो?

उत्तर (मडगाव)
सवीक म्हणजे भाजलेल्या जवाचे किंवा गव्हाचे पीठ. आपल्या घरी गूळ घालून कालवतात ते सातूचे पीठच म्हणा ना. मदिना-मक्का वाटेवरच्या राबिग या मुक्कामाहून खुलैस या पुढच्या मुक्कामाकडे तीन दिवसांची वाट आहे आणि हा घाट खुलैसच्या अलीकडे अर्ध्या दिवसावर येतो. पैगंबर इथून जात असताना सोबत्यांजवळ खायला काही उरले नव्हते, तेव्हा त्यांनी इथली वाळू उचलून दिली आणि ती सवीक म्हणून प्यायली गेली, अशी आख्यायिका इब्न बतूताने नोंदवली आहे, तीही ‘असे सांगतात’ या पद्धतीने. तिच्या स्मरणार्थ यात्रेकरू इजिप्त आणि सीरियाहून सवीक बरोबर आणीत, साखर घालून इथे पीत, आणि काफिल्याचे अमीर (म्होरके) त्याने हौद भरून लोकांना वाटत. चूल न पेटवता पोट भरणारे आणि लवकर न नासणारे हे वाटेवरचे अन्न असल्यामुळे, त्याचे नाव घाटाला मिळाले यात मला नवल वाटत नाही. इस्लामी इतिहासातली ‘सवीकची मोहीम’ मात्र वेगळी: मुस्लिम आणि मक्कावासी यांच्यातील बद्रच्या लढाईनंतर, हिजरी सन २ मध्ये, मक्केचा सरदार अबू सुफयान याच्या माणसांनी मुस्लिमांपुढून पळताना ओझे हलके व्हावे म्हणून सवीकच्या पिशव्या टाकून दिल्या, त्यावरून ते नाव पडले.

उत्तर (वाळपई)
वरील उत्तराला एक पुरवणी. अरबीत ‘अकबा’बरोबरच ‘सनिय्या’ हाही शब्द येतो आणि तो आपल्या खिंडीला अधिक जवळचा आहे. मक्का-मदिना मार्गावर जुहफाजवळ ‘सनिय्यत हर्शा’ आहे. तिथून समुद्र दिसतो आणि तिला दोन वाटा आहेत. कोणतीही धरली तरी माणूस एकाच ठिकाणी पोहोचतो, असे तेराव्या शतकातील भूगोलकार याकूत सांगतो. हर्शाच्या दोन्ही बाजूंनी उंटांना वाट आहे, अशा अर्थाची म्हणही त्यावरून अरबीत रूढ झाली. बेळगावला चोर्ल्याने जावे की अनमोडने, हा वाद घालणाऱ्या आम्हा सत्तरीकरांना ती समजावून सांगायला नको. ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातील एका हदीसनुसार (पैगंबरांविषयीच्या परंपरागत कथनानुसार) याच खिंडीत पैगंबरांना लोकरी वस्त्र ल्यालेले, लाल सांडणीवर बसून तल्बिया (हजयात्रेकरूंचा घोष) म्हणत जाणारे पूर्वीचे पैगंबर यूनुस दिसल्यासारखे वाटले.

उत्तर (पणजी)
‘घाट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पावसात भिजलेले रान आणि लमाणांचे बैलांचे तांडे उभे राहतात. सवीकच्या चढणीला तो शब्द लावताना वाचकाची फसगत होणार नाही, एवढे पाहावे. उंचीपेक्षा वाळूने आणि तहानेने तिचे महत्त्व वाढते, कारण पुढे खुलैसला तलाव आणि खजुरीची बने आहेत, हे वाटसरूला ठाऊक असते.

प्रश्नकर्ता (डिचोली)
सर्वांचा आभारी आहे. टिपणात ‘सातूची चढण’ असे भाषांतर करतो; ‘खिंड’ हा शब्द हर्शासाठी राखून ठेवतो.