स्लॅबमधल्या नाण्याचा ग्रेड कितपत खरा मानायचा?

नाणेवेडा: एक जुनं चांदीचं नाणं बघतोय, स्लॅबमधलं (म्हणजे ग्रेडिंग कंपनीने सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीतलं), ग्रेड एमएस ६५ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं). तेच नाणं एमएस ६४ मधे बरंच स्वस्त मिळतंय आणि फोटोत मला तरी काडीचा फरक दिसत नाहीये. विकणारा म्हणतो ग्रेड कंपनीने दिलाय मग शंका कशाला. जाणकारांनी सांगा, एवढं पक्कं असतं का हे, की आपण नुसत्या डबीचे पैसे मोजतोय?

जुनाटपुराणा: नाणं असली की नकली आणि ग्रेड किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. असली-नकलीसाठी पीसीजीएस, एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांवर मी डोळे झाकून नाही पण बराच विश्वास ठेवतो, चूक निघाली तर त्यांची गॅरंटी असते. ग्रेड मात्र शेवटी माणसांचं मत. ग्रेडची ती १ ते ७० ची पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन नाणेतज्ज्ञाने १९४९ मधे काढली ती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी, नंतर ती सगळ्याच नाण्यांना लावली. ६४ की ६५ हे चमक किती, ठसा किती नीट उमटलाय आणि ओरखडा कुठे आहे यावर ठरतं, चेहऱ्यावरचा बारीक ओरखडाही नडतो.

खणखणीत: आणि लोक काय करतात ते पण सांगा ना! ६४ चा स्लॅब फोडायचा, परत पाठवायचं, ६५ मिळेपर्यंत हेच. जुनं लेबल कंपनीला परत गेलं नाही तर त्यांच्या पॉप्युलेशन रिपोर्टमधे (कुठल्या ग्रेडची किती नाणी तपासली त्याची यादी) एकच नाणं दोनतीनदा मोजलं जातं, आणि आपण ते आकडे बघून दुर्मिळ काय ते ठरवतो 😄 सीएसी २००७ ला सुरू झाली तीच मुळी ग्रेड झालेली नाणी परत तपासायला. त्या ग्रेडला साजेसं असेल तर हिरवा स्टिकर, ग्रेड कमी दिलाय वाटलं तर सोनेरी. ग्रेड पक्के असते तर ही कंपनी चाललीच नसती.

नाणेवेडा: म्हणजे ६४ च घेऊ?

जुनाटपुराणा: दोन्ही हातात घेऊन, दिव्याखाली फिरवून बघता आली तर बघा, नाहीतर मी ६४ घेईन. आणि त्याआधी स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका. नकली स्लॅबवर खरे नंबर छापलेले असतात त्यामुळे नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका, तिथे फोटो असेल तर डाग न् डाग जुळवा.

नाणेवेडा: टाकला नंबर, नोंद आहे पण फोटो नाही 😐

खणखणीत: मग विकणाऱ्याकडून स्लॅबच्या कडांचे आणि होलोग्रामचे जवळून फोटो मागवा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.